माणसं तिथे सावकाश

उन्हं कलली की शिक्षक कॉलनीतल्या पुढच्या गल्लीचा रस्ता अंग चोरून बसायचा. अगदी खरोखर. दोन्ही कडांचे पांढरे पट्टे आत सरकायचे, सरळ लेन नागमोडी व्हायची, मधे एका रिक्षापुरती वाट उरायची आणि डांबराखालून जागोजागी उंचवटे फुगून वर यायचे. हायवेवरून सुसाट आत घुसलेला टेम्पो मग सासऱ्यासमोर आलेल्या जावयासारखा अदबीनं पुढे सरकायचा. भारतीबाई इंगवले फाटकाशी खुर्ची टाकून ते बघत बसायच्या. लोक गमतीनं म्हणायचे, बाईंनी रस्त्यालासुद्धा पी.टी. शिकवली.

त्यात खोटं काही नव्हतं. बाईंची सगळी नोकरी शाळेच्या मैदानावर गेली होती. त्यांनी शिट्टी फुंकली की अख्खी शाळा रांगेत उभी राहायची. निवृत्तीनंतर त्या कॉलनीच्या सेक्रेटरी झाल्या, आणि कॉलनीही रांगेत उभी राहिली. हा जिवंत रस्ता शहरात सगळ्यात आधी शिक्षक कॉलनीत आला तो त्यांच्यामुळेच.

कारणही तसंच होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान अरविंद सकाळी दुधाची पिशवी घेऊन घरात येत होते. हायवे आणि बायपास यांच्यामधला जवळचा रस्ता म्हणून सगळ्या गाड्या कॉलनीतून जायच्या, आणि आता गाड्या विजेवरच्या, त्यांना आवाज म्हणून नाही. मालाच्या एका गाडीनं अरविंदना त्यांच्याच फाटकासमोर उडवलं. पिशवी फुटून दूध गटारापर्यंत वाहत गेलं होतं. भारतीबाईंना पुढे कितीतरी दिवस चहात दूध चाललं नाही.

हा रस्ता कसा चालायचा ते इथेच सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

डांबराखाली रबराच्या लांबट पिशव्या पुरल्या होत्या. त्यांत तेल होतं, आणि तेलात लोखंडाची पिठासारखी बारीक भुकटी. एरवी हे मिश्रण ताकासारखं पातळ, वरून गाडी गेली तर दबून जाणारं. पण त्याला चुंबकाची ओढ लागली की भुकटीचे कण एकमेकांना धरून साखळ्या करतात आणि ताकाचा खरवस होतो. पिशवीत तेल भरायचं, ते घट्ट करायचं, झाला उंचवटा. सोडून दिलं की रस्ता पुन्हा सपाट. पांढरे पट्टे म्हणजे काचेसारख्या थराखालचे दिवे, ते कुठेही सरकवता यायचे. खांबाखांबावर कॅमेऱ्याचे डोळे होते. त्यांना कोण आलं, कोण गेलं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. बाहेर माणसं किती आहेत, एवढंच ते मोजायचे. ज्या गल्लीत माणसं जास्त, तिथला रस्ता अरुंद आणि खडबडीत. ज्या गल्लीत माणसं नाहीत, तिथला रुंद आणि गुळगुळीत. रस्ता एकाएकी फुगला तर दुचाकीवाला तोंडावर आपटेल, म्हणून मोजणी त्या क्षणाची नसायची, मागच्या अर्ध्या तासाची सरासरी असायची. कोपऱ्यावरच्या फलकावर ब्रीदवाक्य चमकायचं : ‘माणसं तिथे सावकाश.’

रस्ता बसवणारी इंजिनिअर रेश्मा मुलाणी नावाची तरुण मुलगी होती. तिनं पहिल्याच सभेत आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, “बाई, रस्ता गाड्या खात नाही. हायवेवरनं निघालेल्या गाड्या तेवढ्याच राहणार. एका गल्लीत नकोशा झाल्या की दुसरीतनं जाणार.”

तेवढ्यात चहा आला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरी गल्ली म्हणजे मागची गल्ली. तिथे भारतीबाईंचे धाकटे दीर उदय आणि जाऊ मंगल राहायची. दोघा भावांनी ठरवून पाठीला पाठ लावून प्लॉट घेतले होते आणि मधल्या भिंतीला एक लोखंडी दार ठेवलं होतं. त्या दारातून वाटीभर आमटी, निवडलेली मेथी, ताप आलेलं पोर, अर्धवट राहिलेलं भांडण, असं सगळं इकडून तिकडे जायचं. दाराला कडी होती, पण ती गंजून गेली होती, कारण ती कुणी कधी लावलीच नव्हती.

नवरात्रात भोंडल्याची खिरापत मंगलच करायची. पाटावर तांदळाचा हत्ती काढायचा, भोवती फेर धरून बायकापोरींनी गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखायचं. मंगल डबा पदराखाली लपवून त्या दारातून यायची, आणि भारतीबाई दारातच नाक वर करून म्हणायच्या, “वाटली डाळ!” मंगल चिडायची. “ताई, तुम्ही नाकाला चिमटा लावून बसत जा बघू. सगळी मजा घालवता.”

अरविंद गेल्यावर मागच्या गल्लीत घरोघरी फिरून रस्त्यासाठी सह्या गोळा केल्या त्याही मंगलनंच. “माझ्या भाऊजींसाठी एवढं तरी करू दे मला,” असं ती म्हणाली होती.

रस्ता सुरू झाला आणि महिन्याभरात खरं चित्र दिसायला लागलं. पुढच्या गल्लीत सगळे पेन्शनर. सकाळी फिरायला, दुपारी कट्ट्यावर, संध्याकाळी फाटकात. मागच्या गल्लीत भाड्याच्या खोल्या, नवराबायको दोघंही कामाला, दिवसभर दारांना कुलपं. रस्त्याच्या डोळ्यांना पुढे माणसंच माणसं दिसायची आणि मागे शुकशुकाट. मग त्यानं शिकवल्याप्रमाणे केलं. पुढची गल्ली देवळाच्या ओवरीसारखी निवांत झाली आणि मागची गल्ली हायवे.

आणि गंमत अशी की पुढच्या गल्लीला त्याची चटक लागली. रस्ता माणसं मोजतो हे कळल्यावर उमराणीकर काकूंनी भजनी मंडळ घरातून रस्त्यावर आणलं. खडके सर बुद्धिबळाचे चार पट मांडून बसू लागले. भारतीबाईंनी तर वेळापत्रकच लावलं, कुणी कुठल्या वेळी बाहेर बसायचं त्याचं. सगळ्यांची तब्येत सुधारली, बोलणंचालणं वाढलं. आपल्या पोळीवर तूप ओढून घेताना माणसं किती आनंदी दिसतात ते बघायचं असेल तर त्या दिवसांत त्या गल्लीत यायला हवं होतं.

मंगल त्या दारातून आली ती श्रावण संपता संपता. रिकाम्या हातानं आली, तेव्हाच भारतीबाईंना चाहूल लागली.

“ताई, एक मागणं आहे,” ती उभ्याउभ्याच म्हणाली. “रविवारी सभा आहे ना. दोन्ही गल्ल्यांना सारखं करा. माणसं मोजणं बंद. निम्म्या गाड्या तुमच्याकडनं, निम्म्या आमच्याकडनं, आणि दोन्हीकडं उंचवटे. रेश्माला मी विचारलंय, होतं म्हणाली.”

“निम्म्या?” भारतीबाई म्हणाल्या. “या फाटकासमोरनं?”

“ताई, आमच्याकडं समोरच्या दुकानात जायचं म्हणजे जीव मुठीत धरून जावं लागतंय. ह्यांच्या गुडघ्यांचं तुम्हाला ठाऊक आहे. आवाज नाही, काही नाही, गाडी अंगावर आल्यावरच कळतं.”

“मग तुम्हीही बसा की बाहेर.”

“कोण बसणार? सगळे कामाला जातात. मी एकटी खुर्ची टाकून बघितली आठवडाभर. रस्ता ढिम्म हलला नाही.”

 मंगलचं म्हणणं खरं होतं, हे भारतीबाईंना कळत होतं. पण निम्म्या गाड्या म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर गटारापर्यंत गेलेलं दूध येत होतं. दुसरं काही दिसतच नव्हतं.

रविवारी देवळाच्या हॉलमध्ये सभा झाली. रेश्मानं सांगितलं, सारखी वाटणी केली तर धोका कुठल्याच गल्लीत शून्य होणार नाही, पण दोन्हीकडं आवाक्यात राहील. पुढच्या गल्लीचे हात एकीकडे, मागच्या गल्लीतून वेळ काढून आलेल्यांचे दुसरीकडे. मोजले तर बरोबरीला बरोबरी. मग नियमाप्रमाणे सेक्रेटरीचं मत. सगळा हॉल भारतीबाईंकडे बघू लागला. मंगल तिसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, ताई आपल्याच बाजूनं हात वर करणार याची तिला खात्री होती.

“आहे तेच चालू ठेवावं,” भारतीबाई म्हणाल्या.

हॉलबाहेर उदयनं त्यांना गाठलं. आयुष्यात कधी वहिनीसमोर आवाज न चढवलेला माणूस तो. “वहिनी, दादा एकट्या तुमचाच गेला नाही. आमचाही गेला. पण तुम्ही त्याचं मरण उचलून आमच्या दारात आणून ठेवलंत.”

हे वाक्य भारतीबाईंच्या जिव्हारी लागलं. घरी आल्या, तडक मागच्या अंगणात गेल्या आणि त्या लोखंडी दाराची गंजलेली कडी जोर लावून सरकवली. करकर आवाज झाला. पलीकडे मंगल धुणं वाळत घालत होती, तिनं तो ऐकला असणारच. 

नवरात्र आलं. भोंडला तर व्हायलाच हवा होता, आणि यंदा दणक्यात व्हायला हवा होता. कारण सणासुदीचं सामान वाहणाऱ्या गाड्या वाढल्या होत्या आणि पुढच्या गल्लीतले काही लोक गावी गेल्यानं आकडा घसरत होता. भारतीबाईंनी शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी बोलावल्या, त्यांच्या लेकी बोलावल्या. पाट अंगणात मांडायचा सोडून भर रस्त्यात मांडला. फेर एवढा मोठा झाला की एकात एक असे तीन फेर करावे लागले. बाईंच्या गळ्यात शिट्टी होती.

रस्त्यानं त्या दिवशी कमालच केली. पट्टे सरकत सरकत मधे एकमेकांना भिडले. लेन उरलीच नाही. सगळा रस्ता जत्रेतल्या रिंगणासारखा उजळला आणि बायका टाळ्या पिटून हसल्या. कोपऱ्यावरच्या फलकानं गाड्यांना कळवून टाकलं : पुढची गल्ली बंद, मागची मोकळी. मागच्या गल्लीत रस्ता सपाट होऊन पसरला.

गाणी संपत आली. एका चिमुरडीनं विचारलं, “बाई, खिरापत कुठाय?”

भारतीबाईंनी बाजारातून पेढे आणून ठेवले होते. तरी त्यांची नजर घराच्या मागच्या बाजूला गेली. दाराची कडी लावलेली आहे, हे आठवलं आणि वाटलं, जाऊन काढावी का? सणाचा दिवस आहे. मग वाटलं, तिनं हाक मारली तर काढू. आपण होऊन कशाला?

मंगल हाक मारणार नव्हती. ती डबा पदराखाली घेऊन केव्हाच घरातून निघाली होती. दाराला कडी आहे, तर वळसा घालून जाऊ, असं उदयला सांगून निघाली होती. मागच्या गल्लीतून कोपऱ्यापर्यंत जायचं, तिथून पुढच्या गल्लीत वळायचं. एवढंसं अंतर. दिवेलागण झाली होती. गल्लीत ती एकटीच होती, आणि अर्ध्या तासाच्या सरासरीत एक बाई म्हणजे काहीच नाही.

इकडे बायकांनी गाणं थांबवलं ते कोपऱ्यावरून माणसं ओरडत धावत आली तेव्हा. भारतीबाई पळाल्या. या वयातही त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. गाडीनं उडवलेली मंगल मागच्या गल्लीतच, कोपऱ्याच्या जरा आधी पडली होती आणि डबा तिच्यापासून लांब, झाकण घट्ट लागलेला, एका बाजूनं चेपलेला. भारतीबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. “मंगल, अगं मी आले. मंगल, ताई आलीय बघ तुझी.” दवाखान्यात नेण्याआधीच सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून उदयच्या घरासमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या लागल्या. माणसं भेटायला येऊ लागली. नातेवाईक, मंगलच्या बचत गटातल्या बायका, उदयच्या कारखान्यातले लोक. यायचं, बाहेर बसायचं, थोडं बोलायचं, बराच वेळ गप्प राहायचं. आणि त्यांच्यासमोर मागच्या गल्लीचा रस्ता हळूहळू अरुंद होत गेला. पट्टे आत सरकले, उंचवटे फुगले, गाड्या पाय ओढू लागल्या. मंगलनं जे मागितलं होतं ते रस्त्यानं तिला ती गेल्यावर दिलं. ज्यांनी ते बघितलं त्यांना गहिवरून आलं. खरं तर संतापच यायला हवा होता.

भारतीबाई तिथेच होत्या. कडी काढून त्या दारातून आल्या होत्या. उदय त्यांना या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. त्या स्वयंपाकघरात राबत राहिल्या. तिथल्या डब्यांवर मंगलच्या अक्षरात चिकटवलेल्या चिठ्ठ्या होत्या, साखर, पोहे, धने. त्या वाचल्या की त्यांचे हात थांबायचे.

दहावं झालं, तेरावं झालं. माणसं पांगली, खुर्च्या भाड्यानं आणल्या होत्या त्या परत गेल्या. संध्याकाळपर्यंत पट्टे कडेला गेले आणि मागचा रस्ता पुन्हा सपाट झाला.

भारतीबाईंनी सभा बोलावली. हात जोडून म्हणाल्या, “माझं चुकलं. सारखी वाटणी करा.”

हॉलमध्ये कुणी वर बघेना. शेवटी खडके सर म्हणाले, “बाई, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण बाहेर बसायला तुम्हीच शिकवलंत. आता माझी नातवंडं समोर सायकल चालवतात. त्यांच्या वाटेत निम्म्या गाड्या मी कशा आणू?”

हे भारतीबाईंचंच वाक्य होतं, फक्त दुसऱ्याच्या तोंडून आलेलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि खडके सरांचं अजून काही जळलं नव्हतं. मागच्या गल्लीतले दोघेचौघेच आले होते. घर सोडून चाललेत काहीजण, असं त्यांतला एक म्हणाला. हात मोजले. बरोबरी झालीच नाही, त्यामुळे सेक्रेटरीच्या मताची वेळही आली नाही.

रेश्मा मुलाणी दाराशी थांबली होती. तिचे डोळे सुजलेले होते. “मी वर कळवलं, बाई. म्हणाले, एकूण अपघात कमीच झालेत. एका घटनेवरून यंत्रणा चुकीची ठरत नाही. पुढच्या महिन्यात अजून बऱ्याच कॉलन्यांत बसवणार आहेत.” मग ती म्हणाली, “इथलं उदाहरण दाखवतायत सगळीकडं. तुमचा भोंडल्याचा व्हिडिओ.”

 घरी जाऊन भारतीबाईंनी फाटकाजवळची आपली खुर्ची उचलली, मागच्या अंगणातून त्या दारातून पलीकडे नेली आणि मंगलच्या फाटकासमोर, डांबराच्या कडेला मांडली.

उदय काठी टेकत बाहेर आला. त्याच्या हातात तो डबा होता, घासून लख्ख केलेला, एका बाजूनं चेपलेलाच. त्यानं तो त्यांच्या मांडीवर ठेवला.

“तुमच्याकडंच यायला निघाला होता,” तो म्हणाला.

“काय होतं भाऊजी त्यात?”

“बघितलं नाही मी. डोळे मिटून ओतलं सगळं.”

भारतीबाईंनी झाकण काढून डबा नाकाशी नेला. राखेचा आणि साबणाचा वास आला. त्यांनी पुन्हा हुंगला. दुसरं काहीही नव्हतं. मग मात्र त्यांना रडू आवरलं नाही, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या मोठ्यानं रडल्या.

तेव्हापासून त्या रोज तिथे बसतात. पहिल्या आठवड्यात उमराणीकर काकू भिंतीच्या दारातून येऊन म्हणाल्या, “भारतीताई, इकडं या ना. आपला आकडा कमी पडतोय तुमच्याविना.” त्यांनी मान हलवली, पण उठल्या नाहीत. मागच्या गल्लीतली माणसं सकाळी कुलपं लावून जाताना त्यांना नमस्कार करतात. बसायला कुणालाच वेळ नाही. शिट्टी अजून त्यांच्या गळ्यात असते, पण ती फुंकून बोलवायचं कुणाला?

परवा दिवेलागणीला उदय फाटकात आला. “वहिनी, चला आत. एकट्या माणसाला तो रस्ता मोजत नाही.”

“ठाऊक आहे,” भारतीबाई म्हणाल्या. “मंगलनं सांगितलं होतं मला.”

एक गाडी आवाज न करता शेजारून निघून गेली. त्यांचा पदर उडून तोंडावर आला. त्यांनी तो खाली घेतला, डब्यावर झाकला, आणि पुढची गाडी येताना दिसते का ते बघत बसून राहिल्या.